कुर्ली शीव ओलांडते

शिमग्याला देवीची पालखी समुद्रावर आली, ढोल-ताशे ऐन रंगात आले, आणि नेमक्या त्याच वेळी निवेखोलच्या पुळणीवरचं उपाहारगृह उठून चालू लागलं.

उठलं म्हणजे खरोखरच उठलं. आधी समुद्राकडचे पाय वाळूतून सुटले, मग माडांकडचे. मजला एकदा हळूच डोलला आणि सगळं बिऱ्हाडच गाभण म्हशीच्या चालीनं सुरूच्या बनाकडे निघालं. स्वयंपाकघर, कपडे बदलायच्या खोल्या, संडास-न्हाणी, पिण्याच्या पाण्याची टाकी, जीवरक्षकाची माची, सगळं एकदम. न्हाणीतून एक पाहुणी डोक्याला टॉवेल गुंडाळून ओरडत बाहेर आली. माचीवर पेंगणारा जीवरक्षक दचकून उठला आणि भलतीकडेच तोंड करून शिटी फुंकू लागला. हेमलता मेतर त्या वेळी कांदाभजी तळत होती. तिनं शेगडी बंद केली, कढईवर परात पालथी घातली, आणि परात एका हातानं दाबून धरून ती खिडकीतून बघत राहिली. समुद्राकडे जाणारी आणि समुद्राकडून येणारी माणसं तिनं जन्मभर पाहिली होती. स्वयंपाकघर जाताना प्रथमच पाहत होती.

"काकी, खंय चल्लंस?" पालखीचा दांडा खांद्यावर असलेला दिगंबर ओरडला. दिगंबर तिचा पुतण्या आणि गावचा सरपंच.

"माका काय इचारतंस? तेका इचार!"

म्हाताऱ्याकोताऱ्यांनी हात जोडले. देवीनंच कौल दिला, असं कोणीतरी म्हणालं. दुसरं कोणीतरी म्हणालं, "देवीक भजयेचो वास इलो आसतलो." पालखी थांबली, ढोल थांबले, आणि ढोल थांबल्यावर उपाहारगृहही थांबलं. ताशेवाल्यानं गंमत म्हणून पुन्हा काड्या चालवल्या, तसा एक पाय शंका आल्यासारखा वर उचलला गेला. सगळी पुळण हसली.

तेवढ्यात ऋता ठोसर धावत आली. पुण्याहून आलेली ही तरुण अभियंता उपाहारगृहाच्या देखभालीसाठी मोसमभर गावातच राहत होती. "वाजवू नका! कृपा करून वाजवू नका!" ती धापा टाकत म्हणाली. "तिला वाटतंय तुफान आलंय!"

सरकारी कागदावर 'तिचं' नाव 'चल किनारा सुविधा केंद्र' असं होतं. ते नाव फलकावरच राहिलं. गावानं तिला पहिल्या दिवसापासून कुर्ली म्हटलं, कारण ती खेकड्यासारखीच तिरकी चालायची आणि खेकड्यासारखीच कोणाचं ऐकायची नाही.

ओल्या वाळूत उभं राहिलं आणि लाट परतली, की टाचेखालची वाळू कशी सटकते, हे समुद्र पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. वाळूच्या कणांत पाणी घुसलं की कण एकमेकांचा हात सोडतात आणि वाळू पेजेसारखी पातळ होते. पाणी निघून गेलं की तेच कण एकमेकांना घट्ट धरतात. कुर्लीचं सगळं शास्त्र एवढ्यावर उभं होतं. तिचे पाय पोकळ. पाय उचलायचा झाला की पोटातला पंप पायाच्या टोकातून वाळूत पाणी सोडी. वाळू पातळ होई आणि पाय अलगद वर येई. पुढे टेकवला की त्याच युक्तीनं आत उतरे. मग पाणी थांबे आणि वाळू त्याला खांबासारखा आवळून धरी. सिमेंट नाही, जोतं नाही. अंग बांबूचं, भिंती काथ्याच्या, छपरावर सौर पत्रे. सांडपाणी तिच्या पोटातच शुद्ध होऊन पुन्हा संडासाला वापरलं जाई. कुर्ली जिथून उठेल तिथे पायांचे खळगे तेवढे राहत, आणि तेही पुढच्या भरतीपर्यंत.

"आणि तिचे कान पायात आहेत," ऋतानं हेमलतेला सांगितलं. त्या संध्याकाळी दोघी पायरीवर बसून गार झालेली भजी खात होत्या. "लाट फुटली की तिचा हादरा वाळूतून पळतो. घट्ट वाळूतून लवकर, भुसभुशीत वाळूतून सावकाश. त्यावरून तिला कळतं, कुठे जमीन भरतेय आणि कुठे पोखरतेय. माणसांची पावलंसुद्धा ती ऐकते. मडकं पक्कं आहे का बघायला आपण टिचकी मारतो ना, तसं प्रत्येक पाऊल म्हणजे जमिनीला मारलेली टिचकी. आज दोनशे माणसं एकदम नाचली. तिला वाटलं, समुद्रच अंगावर आला."

"माजा पाऊल कळता तेका?"

"कळतं तर! सकाळी तुम्ही सुरूच्या बनातून निघालात, की ती टाकीतलं पाणी तापवायला घेते."

हेमलता भजं हातात तसंच धरून बसली. आपलं पाऊल ओळखणारं या जगात आता कोणी आहे, हे तिला नवीनच होतं.

ती लहान होती तेव्हा ही पुळण इतकी रुंद होती, की दुपारी घरातून समुद्रापर्यंत अनवाणी जायचं तर मधे ओंडक्याच्या सावलीत थांबून पाय गार करून घ्यावे लागत. तिचे वडील रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. भल्या पहाटे होडीतून जाळं समुद्रात अर्धवर्तुळ टाकायचे. जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर, दोन्ही दोरांवर माणसांच्या दोन रांगा. सुरुवातीला रांगा इतक्या लांब की एकीची हाक दुसरीला जायची नाही. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकायच्या, आणि मासळी वाळूवर यायची तेव्हा माणसांचे खांदे एकमेकांना लागलेले असायचे. दोराला जो हात लावील तो वाटेकरी, मग तो म्हातारा असो, नाहीतर वाटेनं जाणारा परका. हेमलता आणि तिची धाकटी बहीण पुष्पलता दोराच्या शेपटाला नुसत्या लोंबकळायच्या. त्यांनाही दोन-दोन बांगडे मिळायचे.

मग समुद्र आत आला. नवऱ्यानं चिऱ्यांची पक्की खानावळ बांधली होती. एका पावसाळ्यात तिच्याखालची वाळू गेली आणि खानावळ कुशीवर झोपली. पर्यटकांसाठी बांधलेले सिमेंटचे संडास तर आजही ओहोटीला उघडे पडत, फुटक्या होडक्यासारखे. कुर्लीत स्वयंपाकघर मिळालं तेव्हा हेमलतेनं एवढंच विचारलं होतं, "ह्या पडतला तर नाय ना?" तिच्या पदरी आता दुसरं काही नव्हतं. मुलगी दूरदेशी, नवरा गेलेला. पहाटे दिवा लावून चहाचं आधण ठेवलं, की दिवस आपला आहे असं तिला वाटे.

चैत्र सरला आणि कुर्लीनं उत्तरेची वाट धरली.

रोज थोडीशी. सकाळी हेमलता बनातून बाहेर आली की कुर्ली काल होती त्याच्या जरा पलीकडे. उत्तरेला निवेखोलची पुळण खाडीच्या तोंडाशी संपते. तिथे वाळूत एक काळा दगड रोवलेला आहे, तीच शीव. खाडी ओलांडली की सावळभाट.

ऋतानं देवीच्या देवळाच्या ओट्यावर गावाला जमवून समजावून सांगितलं. "पावसाळ्यात मोठ्या लाटा वाळू ओढून आत नेतात आणि समुद्रात तिचा बांध घालतात. पावसाळा सरला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलं. पण आता समुद्र तापलाय, वारे हलले आहेत, लाटा जराशा तिरक्या येतात. त्या वाळू परत आणतात, पण तिरकी आणतात. तुमची वाळू बुडाली नाही. ती सावळभाटला राहायला गेली. कुर्ली आपल्या वाळूमागे चाललीय. इथे थांबली, तर या पावसाळ्यात तिच्या पायांखाली काही उरणार नाही."

बुडाली म्हणाली असती तर लोक रडले असते. सावळभाटला गेली म्हटल्यावर त्यांना राग आला.

"मॅडम," दिगंबर म्हणाला, "लेक आसती तर आमी पाठवणी केली आसती. ही न इचारताच सासराक निघाली. ता पण सावळभाटाक! आमची वस्तू शीव ओलांडून गेली, तर देवीक काय सांगू? आनि पावने थंय गेले, तर आमी हय काय माशे मारू? ते पण रवले नाय."

तोडगा त्यालाच सुचला. शिमग्याला कुर्ली ढोलाला घाबरून पळाली होती ना? मग शिवेवर रोज ढोल वाजवायचे. उत्तरेकडून तुफान येतंय असं वाटलं की ती दक्षिणेला राहील.

"तिला फसवू नका," ऋता काकुळतीला आली. "आंधळ्याला चुकीची वाट दाखवण्यासारखं आहे ते." पण कुर्लीच्या नियमांत गावाला ढोल वाजवायला बंदी नव्हती. वाड्यांनी पाळ्या लावून घेतल्या. दर संध्याकाळी काळ्या दगडाशी ढोल घुमू लागले. कुर्ली बिचकून मागे सरके, गाव टाळ्या पिटी, पर्यटक फोटो काढत.

हेमलता कोणाच्याच बाजूनं बोलली नाही. सावळभाट म्हटलं की ती बोलतच नसे. पुष्पी तिथे दिली होती.

दोघी बहिणी खाडीच्या दोन तीरांना नांदत होत्या, आणि कित्येक वर्षं एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सावळभाटची रापण एकदा प्रवाहानं वाहत शिवेच्या अलीकडे आली. तांडेल पुष्पीचा नवरा. निवेखोलचे लोक कोयते घेऊन धावले आणि भरल्या जाळ्याचा एक दोर त्यांनी कापला. कोयता हेमलतेच्या नवऱ्याचा. मासळी गेली, जाळं गेलं. दोर कापणं म्हणजे ताटातला घास काढणं. त्या दिवशी पुष्पी शिवेपर्यंत आली, काळ्या दगडावर तिनं बोटं मोडली, आणि परत गेली. पुढे हिचा नवरा गेला तेव्हा ती आली नाही, तिचा गेला तेव्हा ही गेली नाही. नवरे गेले, रापण गेली, भांडण तेवढं जागच्या जागी राहिलं.

वैशाखातल्या एका सकाळी ऋता लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. "काकी, एक कोडं आहे. खाडीपलीकडचा किनारा एवढा मोठा. पण कुर्लीनं उतरायची जागा निवडलीय ती ठरावीक, केवड्याच्या जाळीसमोर. ढोलांनी किती हाकललं तरी तिचा मोहरा तिथेच. का, ते काल कळलं. तिथली जमीन तिला सगळ्यात जास्त माहीत आहे. रोज पहाटे तिथे कोणीतरी येऊन उभं राहतं. ओहोटीला, सगळं शांत असताना, खाडीच्या वाळूतून तो हादरा इथवर पोचतो. ऐका."

तिनं आवाज मोठा केला. आधी नुसती लाटांची घरघर. मग तिच्यातून सुटी सुटी पावलं. एक जड, एक हलकं. एक जड, एक हलकं.

हेमलतेच्या हातातला चमचा बरणीत पडला.

पुष्पी सहा-सात वर्षांची असताना होडी ओढायच्या ओंडक्याखाली तिचा घोटा सापडला होता. हाड सांधलं, पण चाल कायमची बदलली. अंधारात, परसात, देवळाच्या पायऱ्यांवर, गर्दीत, कुठूनही हेमलतेला ती चाल ओळखू येई. अजूनही येत होती.

"कोण आहे?" ऋतानं विचारलं.

"आसतला कोनतरी."

पण त्या पहाटेपासून हेमलतेला एक नादच लागला. खाडीपलीकडे धुरकट अंधारात माणूस दिसणं शक्य नव्हतं. मग तिनं ऋताकडून लॅपटॉपच्या पडद्यावर पावलं कशी उमटतात ते शिकून घेतलं. तिनं स्वयंपाकघराचा दिवा लावला की थोड्या वेळानं पावलं परत फिरायची. हा योगायोग असेल म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं दिवा मुद्दाम उशिरा लावला. पावलं उशिरापर्यंत थांबली. जड पाऊल, हलकं पाऊल, जागच्या जागी, चुळबुळत. तिसऱ्या दिवशी तिनं दिवा लावलाच नाही, अंधारात चहा ठेवला. पूर्वेला उजाडलं तरी पडद्यावरची पावलं जाईनात. ती येरझाऱ्या घालू लागली, पार पाण्याच्या कडेपर्यंत आली. तेव्हा हेमलतेनं घाईघाईनं सगळेच दिवे लावले, माचीवरचासुद्धा.

कुर्लीला कोणी बोलावलं नव्हतं. बहीण जिवंत आहे की नाही ते बघायला कोणीतरी रोज येऊन उभं राहिलं होतं, आणि तेवढ्यावरून कुर्लीला कळलं होतं की तिथे जमीन आहे.

मृग जवळ आला. लाटांना वजन आलं. अवसेच्या दिवशी दुपार कलताना पाणी ओसरू लागलं, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा उघडा पडला, आणि कुर्लीनं सगळे पाय एकामागून एक मोकळे केले.

शिवेवर ढोल सुरू झाले. कुर्ली थांबली नाही. ढोलवाले जिवाच्या आकांतानं बडवू लागले. कुर्ली त्यांच्या अंगावरून, पाहुणा निरोप न घेता जातो तशी, शांतपणे निघून गेली.

"शिकली ती!" ऋता ओरडली. तिच्या डोळ्यांत भीती होती आणि कौतुकही. "ढोल दर वेळी समेवर येतो. समुद्र कधीच येत नाही. तिला फरक कळला!"

हेमलता खिडकीत उभी होती. दिगंबर बाजूनं चालत, वर बघत ओरडत होता, "काकी, ती तांबडी खुंटी वढ! थांबव तेका!"

तांबडी खुंटी शेगडीच्या वर होती. ती ओढण्याचा अधिकार फक्त केंद्र चालवणाऱ्या बाईला. खुंटी ओढली की कुर्ली जिथल्या तिथे पाय रोवी. हेमलतेनं खुंटीकडे पाहिलं. निवेखोलला तिची माणसं होती, देवी होती, नवऱ्यानं लावलेले माड होते. आणि पायांखाली काही नव्हतं.

"वढूची नाय," ती म्हणाली.

"काकी!"

"दिगू, तुज्या काकाची खानावळ मी जाताना बगलंय. ही जाताना बगूची नाय."

कुर्ली दांड्यावर उतरली. पण ढोलांनी पंधरवडे खाल्ले होते. ऋतानं हिशोब केला होता तो कोरड्या, घट्ट दांड्याचा. आता उधाणांनी तो आतून खाल्ला होता. मधोमध आल्यावर कुर्लीचे मागचे पाय चिखलात गेले आणि जातच राहिले. पंप घरघरले, मजला कलला, बरण्या खाली आल्या. मग ती थांबली.

ऋता चिखलातून वर चढली, पडद्यावर बघून पांढरी पडली. "वीज संपत आलीय. पंप चालवू, नाहीतर पाय चालवू. दोन्ही नाही जमायचं. भरती लागायच्या आत कोणीतरी हिला पुढून ओढायला हवं. ट्रॅक्टर आणला तर तोच रुतेल." पाणी परतायला लागलं की काय होईल, ते सांगायची गरज नव्हती.

हेमलतेनं लुगडं वर खोचलं, शिडी उतरली, आणि गुडघाभर पाण्यातून सावळभाटच्या दिशेनं चालू लागली. काळा दगड कधीच मागे पडला होता; तिनं वळून त्याच्याकडे पाहिलंही नाही.

केवड्याच्या जाळीसमोर सावळभाटची माणसं जमली होती. पुढे पुष्पलता. केस पांढरे झालेले, नाक तेच, बापाचं.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. वाऱ्यानं पदर फडफडत होते.

"उशीर केलंस," पुष्पलता म्हणाली.

"ढोल वाजवत हुते."

"आयकलंय. म्हयनोभर झोप नाय आमका."

हेमलतेला हसू आलं, ते तिनं दाबलं. "दोर आसा?"

"एक आसा. दुसरो तुमच्या मानसांनी कापलो, इसारलंस?"

"नाय इसारलंय. दुसरो माज्या खोपीत आसा. आमचो. अख्खो."

पुष्पलता मागे वळून माणसांवर खेकसली, "बगतास काय? दोर हाडा!"

हेमलतेचा निरोप गेला, तसे निवेखोलचे लोक खोपीतला दोर घेऊन आले खरे, पण काळ्या दगडाशी येऊन थबकले. दोर पुढून ओढायचा तर सावळभाटच्या वाळूवर उभं राहायला हवं. कापाकापी झाल्यापासून निवेखोलचं कोणी त्या वाळूवर दोर घेऊन गेलेलं नव्हतं. दिगंबर डोकं खाजवत होता. हेमलता कलत्या कुर्लीत चढली आणि सोलकढीसाठी आणलेला नारळ घेऊन दगडाशी आली.

"हो नारळ दी शिवेक. आनि सांग, रापण वढूक जातंव."

"कुर्लीची रापण?"

"मग कुर्ली काय, माशाच्या जातीचीच ना ती?"

दिगंबरनं दगडावर नारळ फोडला. पाणी वाळूत गेलं. त्याच्यामागून सगळं निवेखोल उतरलं, ढोलांसकट.

एक दोर समुद्राकडच्या कोपऱ्याला बांधला, दुसरा खाडीकडच्या. दोन गावांच्या दोन रांगा पुळणीवर फाकल्या, एकीची हाक दुसरीला जाऊ नये इतक्या लांब. तरुण पोरांना रापण ठाऊक नव्हती, पाय कसा रोवायचा ते म्हाताऱ्यांनी दाखवलं. पण दोन रांगांचा झटका एकाच क्षणी बसेना. एक ओढी तेव्हा दुसरी श्वास घेई. कुर्ली नुसती डावी-उजवी हले.

"ढोल!" वरून ऋता ओरडली. "ढोल वाजवा! ढोल तिला ओळखता येतो! मी पंप समेवर बांधते!"

महिनाभर कुर्लीला हाकलणारे ढोल आता तिला हाक मारू लागले. समेवर पंप पाणी सोडी, चिखल पातळ होई, आणि त्याच समेवर दोन्ही दोर ताणले जात. हैसाऽ! पहिल्यांदा काहीच झालं नाही. हैसाऽ! मागचा एक पाय गुळातून चमचा निघावा तसा आवाज करत सुटला. हैसाऽ! दोन्ही गावं एकदमच ओरडली. भरतीची पहिली जीभ दांड्यावर आली, तोवर कुर्ली हातभर, मग वावभर पुढे आली होती. ती येत होती तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत होत्या. सरकायला कोणी सांगितलं नव्हतं. रापणीत ते आपोआपच होतं.

हेमलता एका दोराच्या शेपटाला होती. ओढण्याची ताकद हातांत नव्हती. ती नुसती लोंबकळत होती. घामानं डोळे चुरचुरत होते. कधीतरी कोणाचा तरी खांदा खांद्याला लागला. दुसऱ्या दोराच्या शेपटाला पुष्पी लोंबकळत होती.

कुर्ली केवड्यासमोर पोचली. तिनं पाय उतरवले, वाळूनं ते आवळून धरले. ढोल थांबले.

"आता ही कोनाची?" दिगंबरनं शेवटी विचारलंच.

"दोराक कोनी कोनी हात लावलो?" पुष्पलतेनं विचारलं.

उत्तर समोरच उभं होतं, दोन गावांएवढं.

"मग झाला तर," ती म्हणाली, आणि बहिणीकडे वळली. "चा ठेव गो. रोज लांबसून नुस्तो दिवो बगून माजी जीभ सुकली."

त्या पावसाळ्यात निवेखोलची पुळण सुरूच्या मुळांपर्यंत गेली. काळा दगड पाण्याखाली गेला. कुर्ली सावळभाटला केवड्याच्या आडोशानं उभी राहिली. पाऊस ओसरल्यावर पाहुणे आले, खाडीवरच्या तरीच्या होडीतून निवेखोलचे लोकही येऊ-जाऊ लागले. हेमलता आठवड्यातले बरेच दिवस पुष्पीकडे राहते. दोघी मिठाच्या प्रमाणावरून भांडतात. वाळू पुढे कुठे जाईल, परत फिरेल की आणखी उत्तरेला जाईल, ते ऋता मोजते आहे. तिलाही अजून ठाऊक नाही.

पण हेमलतेनं एक सवय लावून घेतली आहे. पहाटे ओहोटी असेल तेव्हा ती तरीनं निवेखोलला उतरते. जुन्या जागेसमोर जी थोडी वाळू परत आली आहे तिच्यावर जाऊन उभी राहते, पाय जरा दाबून. मग परतते.

"थंय रोज कित्याक उबी रवतंस?" एकदा पुष्पीनं चहा गाळता गाळता विचारलं.

"तेका कळूक होया," हेमलतेनं कुर्लीच्या खांबावर हात ठेवला, "थंयसर पण जमीन आसा."